विद्यादानातील पात्रता : वसतिगृहापासून शुल्कमाफीपर्यंत

आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चार दानांची शिकवण श्रावकाच्या घरात बालपणापासूनच कानी पडते. त्या मानाने आचार्य जिनसेनांनी नवव्या शतकात आदिपुराणात दानाची जी दुसरी विभागणी सांगितली, तिच्याकडे लक्ष कमी जाते. दयादत्ती, पात्रदत्ती, समदत्ती आणि अन्वयदत्ती असे ते चार प्रकार होत. दीनदुबळ्यांना करुणेने दिलेले अभय ती दयादत्ती. मुनी-आर्यिकांना भक्तिपूर्वक दिलेले ती पात्रदत्ती. क्रिया, मंत्र आणि व्रत यांत आपल्या बरोबरीच्या असलेल्या गृहस्थाला आदराने दिलेले ती समदत्ती, आणि पुत्राच्या हाती घरदार व धर्म सोपवणे ती अन्वयदत्ती. समदत्तीत देणारा उंच आसनावर नाही आणि घेणारा हात पसरून उभा नाही. दोघे एकाच पंगतीतले आहेत.

सामान्य ऐपतीच्या श्रावकाच्या मुलाची शाळेची फी समाजाच्या निधीतून भरली जाते, तेव्हा ती यांपैकी कोणती दत्ती समजावी? ती दया असेल तर अर्जदाराने आपली दैना दाखवली पाहिजे. ती समदत्ती असेल तर दैना विचारण्याचाच संकोच वाटला पाहिजे. पण निधी मर्यादित आणि अर्ज अमर्याद असतील, तर न विचारता द्यायचे तरी कसे? जैन समाजाच्या शिक्षणसंस्थांनी गेल्या सव्वाशे वर्षांत या पेचाची निरनिराळी उत्तरे शोधली. त्यांतील काही उत्तरे उदार होती, काही कोती होती, आणि काही उत्तरांची खरी किंमत फार उशिरा कळली.

शेठ माणिकचंदांची वाट

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महाविद्यालयीन शिक्षणासाठी मुंबईस येणाऱ्या जैन तरुणासमोर पहिली अडचण फीची नव्हती, ती ताटाची होती. सूर्यास्तापूर्वी भोजन, गाळलेले पाणी आणि कंदमूळवर्जित स्वयंपाक परक्या शहरात मिळणार कोठे? ज्याचे नातलग मुंबईत पेढीवर होते त्याची सोय होई. ज्याचे कोणी नव्हते तो हुशार असूनही गावीच दुकानाच्या गादीवर किंवा शेताच्या बांधावर राही. म्हणजे शिक्षणाचा दरवाजा कायद्याने उघडा असला, तरी तिथपर्यंतची वाट नातेसंबंधांच्या गल्लीतून जात होती.

सुरतेच्या कुटुंबातून येऊन मुंबईच्या मोती व्यापारात नाव मिळवलेल्या शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी ही गोष्ट अचूक हेरली. १९०० साली त्यांनी आपल्या वडिलांच्या नावाने मुंबईत शेठ हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंग सुरू केले. पुढे ठिकठिकाणच्या जैन बोर्डिंगांना त्यांनी सढळ हस्ते साहाय्य केले. १९१४ साली त्यांचे निधन झाले, तोपर्यंत ‘बोर्डिंग’ हा शब्द मराठी आणि कानडी मुलखातील जैनांच्या बोलीत घरचा होऊन गेला होता.

बोर्डिंगच्या रूपाने केलेल्या मदतीचा एक गुण असा की, तिच्यात न्यायाचा प्रश्न आपोआप सुटतो. रोख रक्कम दिली की कोणाला किती हा वाद आलाच. पण पंगतीत बसलेल्या प्रत्येकाला तीच आमटी आणि तीच भाकरी. दिव्याच्या उजेडात अभ्यास करणारा मुलगा फुकट राहतो की खर्च देऊन राहतो, हे शेजारच्याला कळण्याचे कारण नसते. मदतीची लाज झाकण्याचे जे काम आज अर्जावरील ‘गोपनीय’ या शिक्क्याला जमत नाही, ते काम त्या काळी सामाईक स्वयंपाकघर करीत असे. मात्र प्रश्न सुटत होता तो पंगतीत बसलेल्यांपुरता. पंगतीत बसणार कोण, हे उंबरठ्यावरच ठरलेले असे. दिगंबरांचे बोर्डिंग दिगंबरांसाठी, मूर्तिपूजक श्वेतांबरांचे त्यांच्यासाठी, स्थानकवासींचे त्यांच्यासाठी, आणि जैनेतरांना तर बहुतेक ठिकाणी जागाच नाही, असा तो काळ होता.

कोल्हापूरचा धडा

सर्वांना खुले असलेले वसतिगृह हाच न्याय्य मार्ग, असे आज सहज म्हटले जाते. राजर्षी शाहू महाराजांनीही आरंभ तेथूनच केला होता. १८९६ साली कोल्हापुरात सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी वसतिगृह काढले. नियमाने ते सर्वांचे होते. परंतु अल्पावधीतच तेथे शिक्षणात आधीच पुढे असलेल्या एकाच वर्गाची मुले उरली. प्रवेश कोणाला नाकारला असे कागदोपत्री दाखवता येण्यासारखे नव्हते. तरीही मराठ्यांचा, जैनांचा, लिंगायतांचा मुलगा तेथे टिकत नव्हता. खुल्या दारातून आत येण्यासाठीही अगोदर काही पिढ्यांची तयारी लागते, हा धडा महाराजांनी घेतला आणि १९०१ पासून त्यांनी जातिवार वसतिगृहांचा मार्ग धरला. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग त्याच वर्षी निघाले आणि दिगंबर जैन बोर्डिंगही त्याच वर्षी. पाठोपाठ मुस्लिम, वीरशैव, शिंपी, अस्पृश्य अशा समाजांची वसतिगृहे कोल्हापुरात उभी राहिली. जागा, इमारत आणि वार्षिक अनुदान दरबाराने द्यावे आणि बाकीचा भार त्या त्या समाजाने उचलावा, अशी ही योजना होती.

जैन समाज या हाकेस तयार होता, याला कारण दक्षिण महाराष्ट्र जैन सभा. १८९९ साली निपाणीजवळच्या स्तवनिधी क्षेत्री स्थापन झालेल्या या सभेने शिक्षण हाच आपला पहिला कार्यक्रम मानला. या भागातील जैन म्हणजे मुंबईच्या जव्हेरी बाजारातील जैन नव्हे. चतुर्थ, पंचम, कासार, सैतवाळ अशा गटांतला हा समाज मुख्यतः शेतीवर जगणारा. ऊस, तंबाखू आणि जोंधळा पिकवणारा, सावकाराच्या वहीत नाव असलेला. ‘जैन म्हणजे श्रीमंत’ या समजुतीने या शेतकरी जैनांचे जेवढे नुकसान केले, तेवढे क्वचितच दुसऱ्या कशाने केले असेल. सभेने कोल्हापूर, सांगली, बेळगाव, हुबळी येथे बोर्डिंगे चालवली आणि खेड्यातील पाटील-शेतकऱ्यांची मुले प्रथमच हायस्कुलाच्या बाकावर येऊन बसली. अण्णासाहेब लठ्ठे यांच्यासारखा उच्चशिक्षित नेता या कामाच्या अग्रभागी होता. हेच लठ्ठे पुढे १९३७ साली मुंबई प्रांताच्या पहिल्या काँग्रेस मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले.

याच कोल्हापूरच्या बोर्डिंगात कुंभोजला १८८७ साली जन्मलेला एक धिप्पाड, कुस्तीवेडा मुलगा राहत होता. भाऊराव पायगोंडा पाटील हे त्याचे नाव. वडील महसूल खात्यात कारकून होते. मुलाला कोल्हापुरात ठेवून शिकवण्याची सोय समाजाच्या बोर्डिंगमुळेच झाली. पुढील प्रसंग कर्मवीरांच्या बहुतेक चरित्रांतून आलेला आहे. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्याच्या समारंभाला भाऊराव गेले आणि परत आल्यावर त्यांना स्नान करून शुद्ध होण्यास सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला. बोर्डिंगचे नियम मोडण्याबद्दल पूर्वीही तक्रारी होत्याच. या नकारानंतर त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. अधीक्षकपदी त्या वेळी लठ्ठे होते.

जैन समाजाच्या स्मरणिकांतून कर्मवीरांचे छायाचित्र अभिमानाने छापले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु समाजाच्या साहाय्यावर शिकणाऱ्या या मुलाला समाजानेच दाराबाहेर काढले, ही ओळ त्या छायाचित्राखाली सहसा नसते. लठ्ठे हे कोणी कर्मठ गृहस्थ नव्हते, सुधारक होते. म्हणूनच हा प्रसंग अधिक विचार करायला लावतो. संस्थेचा पैसा समाजाचा, समाजाची मने दुखावली तर वर्गणी बंद पडेल आणि पन्नास मुलांचे अन्न तुटेल, अशी चिंता कोणत्याही अधीक्षकाला वाटू शकते. एका मुलाच्या विवेकापेक्षा पन्नास मुलांचे ताट मोठे वाटले, तर त्यात दुष्टपणा नाही. परंतु ज्याला मदत दिली, त्याने मदत देणाऱ्यांच्या समजुतींशीही बांधील राहावे, ही अट त्या दिवशी उघड झाली. अर्जाच्या कोणत्याही रकान्यात ती लिहिलेली नव्हती.

या प्रसंगाचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. १९१४ च्या सुमारास कोल्हापुरातील राजपुतळ्याला डांबर फासल्याच्या प्रकरणात लठ्ठे यांना गोवण्याचा प्रयत्न झाला. त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांचा छळ करण्यात आला. ज्याने आपल्याला बोर्डिंगबाहेर जायला लावले, त्याच्याविरुद्ध खोटे बोलण्यास भाऊरावांनी ठाम नकार दिला.

साताऱ्याची पंगत

बोर्डिंगबाहेर पडलेल्या या विद्यार्थ्याने पुढे स्वतः बोर्डिंगे काढली. दुधगाव येथे सर्व जातींच्या मुलांसाठी काढलेला विद्यार्थी आश्रम हा त्यातला पहिला प्रयोग. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली आणि १९२४ साली साताऱ्याचे वसतिगृह सुरू झाले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. मराठा, महार, मांग, रामोशी, मुसलमान, जैन अशी सर्व मुले तेथे एका पंगतीत जेवत. स्वयंपाक, पाणी, दळण, झाडलोट मुलेच करीत. घरून धान्य आणणे ज्याला शक्य होते तो आणी. ज्याला शक्य नव्हते त्याच्यासाठी कर्मवीर गावोगाव हिंडत. मुठीमुठीने धान्य जमवले जाई. पैसा संपला तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडले. १९३० साली ही माउली गेली.

पात्रतेच्या प्रश्नाला कर्मवीरांनी दिलेले उत्तर श्रमाचे होते. ‘स्वावलंबी शिक्षण’ हे संस्थेचे ब्रीद झाले. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. ‘कमवा आणि शिका’ योजना तेथून महाराष्ट्रभर गाजली. शेतात, बांधकामावर, वसतिगृहाच्या कामात राबून विद्यार्थी शिकू लागले. यात भिक्षेचा अंशही नाही, हे या योजनेचे बळ. पण एक भेद विसरता येत नाही. पहिल्या बोर्डिंगात काम सर्वांनाच होते. गरीब-श्रीमंत असा फरक झाडूला ठाऊक नव्हता. पुढे अनेक महाविद्यालयांनी ही योजना उचलली, तेव्हा काम फक्त गरजूंना राहिले आणि ज्याला गरज नाही त्याला तेवढे तास अभ्यासाला मिळाले. नाव एकच, पण पंगत मोडली. कर्मवीरांच्या मूळ कल्पनेत ही गोष्ट बसत नाही.

कर्जाऊ विद्या

मुंबईत याच काळात तिसरे उत्तर आकार घेत होते. आचार्य श्री विजयवल्लभसूरीश्वरजी (१८७०-१९५४) यांच्या प्रेरणेने १९१५ साली श्री महावीर जैन विद्यालय सुरू झाले. मंदिरे आणि उत्सव यांवर समाज सढळ हाताने खर्च करतो, तसाच तो सरस्वतीमंदिरांवरही करो, असा आचार्यश्रींचा आग्रह होता. श्वेतांबर मूर्तिपूजक समाजातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची राहण्या-जेवणाची सोय करणाऱ्या या संस्थेला सॉलिसिटर मोतीचंद गिरधरलाल कापडिया यांच्यासारखे मंत्री लाभले आणि तिच्या शाखा पुढे अहमदाबाद, पुणे, वडोदरा अशा शहरांत निघाल्या.

या विद्यालयाचे वैशिष्ट्य म्हणजे कर्जाऊ विद्यार्थ्याची पद्धत. ऐपत असलेला विद्यार्थी खर्च भरून राही. ज्याची ऐपत नसे, त्याचा खर्च संस्था करी. पण तो दान म्हणून नव्हे, तर मिळवता झाल्यावर परत करावयाचे कर्ज म्हणून. व्यापारी समाजाला ही भाषा चटकन समजली. उसनवार फेडण्यात कमीपणा नाही. उलट खाते चोख ठेवण्यात प्रतिष्ठा आहे. परत आलेला पैसा पुढच्या विद्यार्थ्याच्या ताटात पडतो, म्हणजे आजचा घेणारा उद्याचा देणारा होतो. समदत्तीच्या कल्पनेच्या सर्वांत जवळ जाणारी व्यवस्था कोणती, असे विचारले तर बोट याच पद्धतीकडे दाखवावे लागेल.

अर्थात कर्जाला स्वतःचा असा एक पक्षपात असतो. डॉक्टर आणि इंजिनिअर झालेला तरुण ते लवकर फेडतो. खेड्यात मास्तर झालेल्याला ते वर्षानुवर्षे पुरते. कर्ज फेडण्याची शक्ती पाहून निवड करू लागले, तर प्राकृत किंवा इतिहास शिकू पाहणारा विद्यार्थी मागे पडणारच. आणि ज्या घरात आधीच सावकाराचे देणे आहे, त्या घरातला बाप मुलाच्या नावावर नवे देणे लिहून द्यायला कचरतो. धंद्याचे भांडवल म्हणून कर्ज घेण्याची सवय असलेला पेढीवाला आणि कर्ज या शब्दानेच दचकणारा शेतकरी, या दोघांपुढे एकच करारपत्र ठेवले तरी ते सारखे ठरत नाही.

मुलींच्या बाबतीत तर कर्जाचा प्रश्न निघालाच नाही, कारण त्यांनी शिकावे असेच फार थोड्यांना वाटत होते. शेठ माणिकचंदांच्या कन्या मगनबाई तरुणपणीच विधवा झाल्या. वडिलांनी त्यांना शिकवले आणि त्यांनी पुढे श्राविकाश्रम उभारून जैन विधवांना व मुलींना अक्षर, धर्म आणि उपजीविकेचे शिक्षण दिले. या कामी त्यांना कंकुबाई आणि ललिताबाई यांची साथ होती. सोलापुरात पुढे पंडिता सुमतीबाई शहा यांनी श्राविका संस्थेचा विस्तार केला. विधवेला मदत द्यायला समाज तयार होता, कारण ती दया होती. तिला विद्यार्थिनी म्हणून स्वीकारणे, हे समदत्तीचे पाऊल टाकायला मात्र एका शोकाकुल कन्येच्या पित्याची गरज लागली.

उत्पन्नाचा दाखला

स्वातंत्र्यानंतर साहाय्याचा मोठा वाटा सरकारने उचलला. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतील मुलांना फीमाफी देणारी ई.बी.सी. सवलत आली आणि वार्षिक १२०० रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील मुले, जात कोणतीही असो, शिकू लागली. मदतीचा निकष जात नसून उत्पन्न असावे, हे तत्त्व महाराष्ट्रात अशा रीतीने रुजले. जैन शेतकऱ्यांच्या आणि छोट्या दुकानदारांच्या मुलांना तिचा आधार मिळाला.

त्याचबरोबर तलाठी आणि तहसीलदार यांचा दाखला हा शिक्षणाचा परवाना झाला. नोकरदाराचे उत्पन्न पगारपत्रकावर असते, ते एका रुपयानेही लपत नाही. शेतकऱ्याचे आणि व्यापाऱ्याचे उत्पन्न मात्र सांगाल तेवढे. परिणामी गिरणीत किंवा पेढीवर मुनिमी करणारा सवलतीच्या रेषेच्या थोडा वर राहून पुरी फी भरी आणि त्याचा मालक कागदावर त्याच्यापेक्षा गरीब निघे. हा प्रकार कोणत्या एका समाजाचा नाही. परंतु ज्या समाजात मालक आणि मुनीम एकाच मंदिरात दर्शनाला येतात, त्या समाजात तो अधिक बोचतो. समाजाच्या निधीची समिती याच ठिकाणी सरकारपेक्षा सरस ठरू शकत होती, कारण तिच्या सभासदांना दाखल्यापलीकडचे घर ठाऊक होते. मात्र तेच घर ठाऊक असल्याने ओळखीपाळखीही तेथे आल्या. कोणाचा मामा विश्वस्त आहे, कोणाच्या घरी पंचकल्याणकाची मोठी बोली झाली, कोण सभेत उलट बोलला, हे ज्यांना माहीत आहे त्यांनी निःपक्षपाती राहणे हे एक तपच आहे.

१९८३ नंतर महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी आणि इतर व्यावसायिक महाविद्यालयांचे पर्व सुरू झाले. पाठोपाठ विनाअनुदानित शाळांचेही पीक आले. फी हजारांतून लाखांत गेली. अशा महाविद्यालयांतील जागांचा न्याय कसा लावायचा, याचा एक प्रयोग सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात केला. निम्म्या जागा गुणवत्तेवर अल्प शुल्कात, निम्म्या जागा वाढीव शुल्कात. म्हणजे पैसे देणारा हुशार गरिबाचा भार उचलील, असा हिशेब होता. प्रत्यक्षात उलटेच घडले. शहरातील चांगल्या शाळांत आणि शिकवण्यांत तयार झालेल्या सुखवस्तू घरांतील मुलांनी अल्प शुल्काच्या जागा घेतल्या आणि खेड्यातल्या बापाने शेत गहाण टाकून वाढीव शुल्क भरले. ३१ ऑक्टोबर २००२ रोजी टी. एम. ए. पै प्रतिष्ठान खटल्यात अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने ही विपरीत फलश्रुती नोंदवून ती योजना रद्द केली. केवळ गुणांवर दिलेली मदत गरिबाला पोहोचतेच असे नाही. १८९६ च्या वसतिगृहाने शाहू महाराजांना जे शिकवले, तेच ११ न्यायमूर्तींना शतकानंतर नव्याने लिहावे लागले. समाजाच्या अनेक शिष्यवृत्त्या आजही ‘इतके टक्के गुण असतील तर’ याच अटीवर दिल्या जातात, हे येथे नोंदवलेच पाहिजे.

अल्पसंख्य दर्जा आणि पंचवीस टक्के

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १२ प्रमाणे खाजगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशवर्गातील किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांना विनामूल्य द्यावयाच्या होत्या. १२ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे बंधन वैध ठरवले, पण विनाअनुदानित अल्पसंख्य शाळांना त्यातून वगळले. ६ मे २०१४ च्या प्रमती निकालाने तर संपूर्ण कायदाच अल्पसंख्य संस्थांना, अनुदानित असोत वा नसोत, लागू नाही असे ठरवले.

या दोन निकालांच्या मधल्या काळात जैन समाजाच्या दृष्टीने महत्त्वाची घटना घडली. १९९३ साली केंद्राने पाच समाजांना अल्पसंख्य म्हणून अधिसूचित केले, त्यांत जैन नव्हते. दीर्घकाळ मागणी चालली. बाळ पाटील यांची याचिका २००५ साली सर्वोच्च न्यायालयात अयशस्वी झाली. अखेर जानेवारी २०१४ मध्ये केंद्र सरकारने जैनांना राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्य दर्जा दिला. समाजाने त्याचे स्वागत केले. केंद्राच्या अल्पसंख्य शिष्यवृत्त्यांची दारे जैन विद्यार्थ्यांना उघडली, जरी त्यांतील पहिली ते आठवीची शिष्यवृत्ती २०२२ साली बंद झाली. दर्जाचा दुसरा परिणाम फारसा चर्चिला गेला नाही. अल्पसंख्य दर्जाचे प्रमाणपत्र घेतलेल्या जैन व्यवस्थापनाच्या शाळेवर २५ टक्के जागांचे कायदेशीर बंधन उरले नाही. शाळेच्या भिंतीला लागून असलेल्या वस्तीतल्या मुलाचे काय करायचे, हा प्रश्न कायद्याकडून विश्वस्तांच्या विवेकाकडे आला.

काही व्यवस्थापनांचे म्हणणे असे असते की, सरकारकडून प्रतिपूर्तीची रक्कम वर्षानुवर्षे थकते आणि तो बोजा इतर पालकांच्या फीवर पडतो. ही तक्रार खोटी नाही. शुल्कमाफीचा पैसा कोठून तरी यावाच लागतो, आणि तो दुसऱ्या मध्यमवर्गीय पालकाच्या खिशातून आला तर त्यालाही त्यात अन्याय वाटतो. समाजाच्या मोठ्या निधीतून आला, तर मात्र कोणाची फी वाढत नाही. शेठ माणिकचंदांनी आणि कर्मवीरांच्या लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगचा खर्च शेजारच्या विद्यार्थ्याच्या बिलात घातला नव्हता.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने, एक किलोमीटरच्या आत शासकीय किंवा अनुदानित शाळा असल्यास खाजगी विनाअनुदानित शाळांना २५ टक्क्यांच्या बंधनातून सूट देणारा बदल केला. १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. प्रमती निकालाचाही फेरविचार व्हावा, असे सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने १ सप्टेंबर २०२५ रोजी म्हटले आणि मोठ्या पीठाच्या विचारार्थ तो विषय सरन्यायाधीशांकडे पाठवला.

२००१ च्या जनगणनेत जैनांची साक्षरता ९४.१ टक्के, म्हणजे प्रमुख धर्मीयांत सर्वाधिक होती. हा आकडा समाजाच्या सभांतून टाळ्या घेतो. स्तवनिधीच्या माळावर १८९९ साली जमलेल्या शेतकऱ्यांना तो स्वप्नवत वाटला असता. पण त्या आकड्यामुळे घरातल्या चौथ्या मुलाची फी भरू न शकणाऱ्या श्रावकाला अर्ज करणे अधिक जड जाते, कारण आपणच तेवढे मागे राहिलो, असे त्याला वाटू लागते. काही ठिकाणी आता अर्ज सर्वच पालकांकडून भरून घेतात आणि निर्णय बंद पाकिटातून कळवतात. समारंभात धनादेश देऊन छायाचित्र काढण्याची प्रथा काही संस्थांनी सोडली आहे. काहींनी सोडलेली नाही.

कोल्हापूरच्या दसरा चौकात राजर्षींच्या पुतळ्याभोवती आजही निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांच्या वास्तू जवळजवळ उभ्या आहेत. जैन बोर्डिंग त्यांतच आहे आणि मुस्लिम बोर्डिंगही तेथून हाकेच्या अंतरावर आहे. १९०८ साली त्या बोर्डिंगमधून आपली वळकटी उचलून बाहेर पडलेल्या मुलाला १९५९ साली पुणे विद्यापीठाने डी. लिट. दिली. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले. साताऱ्याच्या पंगतीत जेवून उठलेली मुले तोवर गावोगावी मास्तर झाली होती.